बार उडण्याआधी तीन सेकंद द्या: उत्सवांच्या आयोजकांना खुले पत्र

आयोजक मंडळी,

सप्रेम नमस्कार.

सणाच्या संध्याकाळी तुमच्या व्यासपीठापासून दहा-बारा पावलांवर, बाळाला पोटाशी धरून पाठमोरी वाकलेली एक बाई तुमच्यापैकी कुणाला दिसली असेल, तर ती मी. दिसली नसेल तरी तक्रार नाही, तेव्हा सगळेच वर आकाशाकडे बघत होते. माझी लेक तेव्हा पाच महिन्यांची होती आणि तिचा पहिला सण म्हणून आम्ही तिला घेऊन आलो होतो. नवं झबलं, आजीने विणलेली टोपी, फोटो काढायला सज्ज आत्या, असा सगळा लवाजमा. अगदी पुढे उभं राहायचा हट्टही आमचाच, कारण फोटोत मागे रोषणाई यायला हवी होती. हे आधीच कबूल करते, म्हणजे पुढचं सगळं तुमच्याच माथी मारतेय असं वाटायला नको.

पहिला अर्धा तास छान गेला. ती डोळे विस्फारून दिवे बघत होती, मधेच माझी हनुवटी चाटत होती. मग काहीही न सांगता व्यासपीठाच्या दोन्ही बाजूंनी कागदाचे रंगीत कपटे उडवणाऱ्या तोफा धडाडल्या, त्याच क्षणी स्पीकर सुरू झाले आणि मागच्या मैदानातून आतषबाजीचा पहिला बार उडाला. लेकीचे दोन्ही हात झटकन बाजूला फेकले गेले, बोटं फाकली आणि मग हात स्वतःलाच मिठी मारावी तसे आत आले. तान्ह्या बाळांचं हे असं दचकणं चार ते सहा महिन्यांत मावळतं. आमच्याकडे ते मावळत आलंय, असं दोन दिवसांपूर्वीच आम्ही कौतुकाने एकमेकांना सांगत होतो. तिचं रडणं मला ऐकूच आलं नाही. तोंड उघडं आणि चेहरा लालबुंद, एवढंच दिसत होतं. मागे फिरायला वाट नव्हती. गर्दीतून बाहेर पडायला आम्हाला वीस मिनिटं लागली, आणि निम्मी वाटही झाली नव्हती तोच ती गाढ झोपली. त्या गोंगाटात, माझ्या खांद्यावर मान टाकून.

"बघ, झोपली की नाही! उगाच जीव टांगणीला लावतेस," सासूबाई म्हणाल्या. नवराही हसला. खरं सांगायचं तर मलाही हायसं वाटलं.

हे पत्र त्या झोपेमुळे लिहितेय. आठवड्याभराने लसीसाठी गेलो तेव्हा मी डॉक्टरांना सहज सांगितलं, की एवढा आवाज होता पण ही मजेत झोपली. डॉक्टर म्हणाल्या, मजेत झोपली असं कशावरून? टी. बेरी ब्रेझल्टन या अमेरिकन बालरोगतज्ज्ञांनी १९७३ मध्ये नवजात बाळांचं वागणं तपासायची एक पद्धत मांडली. तिच्यात झोपलेल्या बाळाजवळ खुळखुळा वाजवतात, घंटी वाजवतात, डोळ्यांवर उजेड टाकतात, तेही पुन्हा पुन्हा. बाळ आधी दचकतं, मग कमी दचकतं, मग दचकायचं थांबतं. जे सोसवत नाही त्याच्याकडे पाठ फिरवायची बाळाची ही रीत. घरात भांडी आपटली तरी ते झोपून राहतं ते यामुळेच, आणि घरापुरती ही सोय फार चांगली आहे. पण पाठ फिरवतो तो मेंदू. कानाला पापणी नाही.

डॉक्टरांनी खात्रीसाठी कानांची तपासणी करायला सांगितली. कानात एक मऊ टोक बसवतात, त्यातून बारीक टिकटिक सोडतात, आणि आतला कान निरोगी असेल तर तो त्या आवाजाला स्वतःचा क्षीण प्रतिध्वनी परत पाठवतो. कान असा आवाज करतो हे डेव्हिड केम्प या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९७८ मध्ये दाखवून दिलं, आणि आज जगभर नवजात बाळांची श्रवणचाचणी त्यावर चालते. तपासणाऱ्या ताईंनी विचारलं, "दूध पाजून झोपवून आणलंय ना? झोपलेली असली की उत्तम होते." मी तिथल्या खुर्चीवर लेकीला मांडीत घेऊन बसले होते. ती गाढ झोपेत, आणि समोरच्या पडद्यावर तिचे कान टिकटिकीला एकेक करून उत्तर देत होते. सगळं ठीक निघालं. पण ज्या झोपेवर विसंबून मी त्या संध्याकाळी निर्धास्त झाले होते, ती झोप त्या पडद्याकडे बघताना मला आठवली आणि पोटात खड्डा पडला.

आता थोडं कानाबद्दल, कारण तुमच्या ध्वनियंत्रणावाल्याला हे ठाऊक असेल, पण तुमच्या बैठकीत ते बोललं जात असेल असं वाटत नाही. बाळाचा कान म्हणजे मोठ्यांच्या कानाची नुसती छोटी प्रत नव्हे. त्याची नळी आखूड आणि अरुंद असते. मोठ्यांच्या कानात साधारण ३,००० हर्ट्झच्या (आवाज जितका तीक्ष्ण, तितका हा आकडा मोठा) आसपासचे आवाज आपोआप वाढून पोचतात, नवजात बाळाच्या कानात ते ६,००० च्या आसपासचे. म्हणजे कर्णा, शिट्टी, फटाक्याची चिरचिर असले तीक्ष्ण आवाज बाळाच्या कानाच्या पडद्यापर्यंत जास्तच जोराने जातात. वय दोनच्या आसपास हा फरक मिटत जातो. शिवाय एकदम मोठा आवाज आला की मधल्या कानातला एक इवलासा स्नायू आखडतो आणि थोडं संरक्षण देतो, पण त्याला काही शतांश सेकंद तरी लागतात. बार तोवर उडून गेलेला असतो.

आतल्या कानाच्या शंखासारख्या भागात आवाज टिपणाऱ्या, केसांसारख्या टोकांच्या पेशी असतात, एका कानात साधारण १५,०००. माणसात त्या मेल्या की मेल्या, नव्या येत नाहीत. कोंबडीच्या पिल्लाला येतात, हे १९८० च्या दशकात संशोधकांना दिसलं. आपल्याला निसर्गाने ती सोय दिली नाही. "सवय होऊ दे की आत्तापासून" हे वाक्य मी त्या संध्याकाळी किमान चार जणांकडून ऐकलं, आणि त्यातले दोघे तुमच्या समितीचे बिल्ले लावलेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या कानात बारीक सूं चालू होतं, दुपारपर्यंत गेलं. नवऱ्याचंही तेच. सूं होतंय हे आम्हाला सांगता येतं तरी. लेकीला झालं की नाही, कोण सांगणार?

आकड्यांत सांगायचं तर असं. डेसिबलचे ३ वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते, १० वाढले की दहापट. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१९ मध्ये सुरक्षित ऐकण्याची एक मोजपट्टी जाहीर केली. ती मुळात हेडफोनवर गाणी ऐकणाऱ्यांसाठी आहे, पण कान तेच. मोठ्यांसाठी आठवड्याला ८० डेसिबलने ४० तास, मुलांसाठी ७५ डेसिबलने ४० तास. आता दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करत चला. ९९ डेसिबलला पोचाल तेव्हा मुलाच्या वाट्याला येतात नऊ मिनिटं आणि थोडे सेकंद. आख्ख्या आठवड्याची नऊ मिनिटं. आम्हाला त्या गर्दीतून निघायला वीस लागली होती. तुमच्या स्पीकरजवळ त्या दिवशी नेमके किती डेसिबल होते हे मी मोजलं नव्हतं, म्हणून तुमच्यावर आकडा लादत नाही. एवढंच सांगते, की दोन हात अंतरावर उभ्या नणंदेशी बोलायला मला तिच्या कानाशी तोंड न्यावं लागत होतं.

फटाक्याचं गणित निराळं, कारण तिथे सरासरी काढून उपयोग नसतो, एका क्षणाची उसळी बघावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये अशा क्षणिक आवाजाची कमाल पातळी मोठ्यांसाठी १४० आणि मुलांसाठी १२० डेसिबल धरली आहे, तीही कानापासून दहा सेंटीमीटरवर मोजून. मधलं अंतर २० डेसिबलचं आहे. ऊर्जेच्या हिशेबात शंभरपट.

इथे तुमच्यातलं कुणीतरी म्हणणार, मग बाळाला आणताच कशाला? रास्त प्रश्न आहे, आणि अगदी तान्ह्या, दोन-तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला भर गर्दीत नेऊच नये असं मीही म्हणेन. आवाज सोडा, त्या वयात साधा ३८ अंश सेल्सियस ताप आला तरी धावत डॉक्टरकडे जावं लागतं, आणि गर्दीत खोकणारे कमी नसतात. पण त्यानंतर? अंगावर पिणारं बाळ घरी ठेवायचं म्हणजे आईलाही घरी ठेवायचं. बहुतेकदा तिच्या सोबतीला आजीलाही. एका बाळामागे दोन बायका सणातून वजा, आणि पुढच्या अपत्यापर्यंत धरलं तर चार-पाच वर्षं वजा. उत्सव सगळ्यांचा, असं दरवर्षी माइकवरून तुम्हीच सांगता. मला तो आवाजही बंद करायचा नाहीये. मोठ्याने वाजवायची हौस मलाही होती, आहे. मागणं अगदी छोटं आहे: मोठा आवाज कधी होणार आणि कुठे होणार, हे आम्हाला आधी सांगा.

हे मला सुचलं ते दुसऱ्या खेपेला. पुढच्या सणाला आम्ही मैदानात गेलोच नाही. साधारण किलोमीटरभर लांब एका नातेवाइकांची गच्ची आहे, तिथे बसलो. पहिलं फूल आकाशात उमललं तेव्हा आवाजच आला नाही. मी लेकीच्या कानांवर तळवे ठेवले, "आता हं," म्हटलं, आणि मग धप्प झालं, लांबून, मऊ. उजेड लगेच पोचतो, आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर चालतो. किलोमीटरला तीन सेकंद. चौथ्या-पाचव्या फुलानंतर लेकीला खेळ कळला. उजेड दिसला की ती माझ्या हातांकडे बघायची. तोच सण, तेच फटाके, पण आधी तीन सेकंद मिळाले होते. मैदानात, तुमच्या व्यासपीठापाशी, निसर्ग तेवढा वेळ देत नाही. तिथे तो तुम्हालाच द्यावा लागेल.

द्यायचा कसा, तर निमंत्रणात जिथे पाहुण्यांच्या भाषणाची वेळ छापता तिथेच एक ओळ: आतषबाजी अमुक वाजता, अमुक मिनिटं. मोठ्या स्पीकरचं संगीत अमुक ते अमुक. वेळ पुढेमागे होणार हे गृहीत आहे, आम्हीही मराठीच बोलतो. म्हणून खरी मदत माइकवाल्या दादांची. बार उडण्याआधी दोन मिनिटं एकदा आणि अर्धा मिनिट आधी पुन्हा एकदा सांगायचं, "लहान बाळं असतील त्यांनी मागे सरका, कान झाका." याला पैसा लागत नाही. उलट गर्दीत उत्सुकता वाढते, हा फायदा फुकटचा. आणि कागदी कपट्यांच्या त्या तोफा! त्यांच्याबद्दल विशेष आग्रह, कारण फटाक्यांची अपेक्षा तरी असते, या कोपऱ्यात लपलेल्या असतात.

कुठे हे सांगणं त्याहून सोपं. स्पीकर कुठे लावणार हे तुम्हाला आदल्या दिवशी ठाऊक असतं. उघड्या जागेत आवाजापासूनचं अंतर दुप्पट केलं की साधारण ६ डेसिबल कमी होतात. पाच मीटरवरून दहा, दहावरून वीस, विसावरून चाळीस, म्हणजे १८ कमी. मघाशी ९९ ला नऊ मिनिटं होती ना? ८१ ला दहा तास होतात. दोन्हीकडे भिंती असल्या किंवा स्पीकर ओळीने रचले असले तर इतका फरक पडत नाही, तरी पडतो. चाळीस मीटरवर एक दोरी बांधा, पाटी लावा, बाळं आणि म्हाताऱ्यांसाठी म्हणा. तिथे चार खुर्च्या ठेवल्यात तर सासूबाई तुम्हाला दुवा देतील. आणि तिथून बाहेर जायला एक वाट मोकळी ठेवा, बाबागाडी जाईल एवढी. ती वाट हार-फुलांच्या टेबलाने किंवा कुणाच्या मोटारसायकलने अडणार नाही, हे बघायला एक स्वयंसेवक पुरे.

हे सगळं मी मनाने रचलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये मोठ्या आवाजाच्या कार्यक्रमांसाठी मानक जाहीर केलं. त्यात पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये, आवाज चालू कार्यक्रमात मोजत राहावा, कानांसाठी संरक्षण उपलब्ध असावं, शांत जागा असावी आणि काम करणाऱ्यांना व श्रोत्यांना माहिती द्यावी, असं सांगितलं आहे. १०० हा आकडा बाळासाठी फारच मोठा आहे, हे वरच्या हिशेबावरून तुमच्या लक्षात आलंच असेल. पण शांत जागा आणि माहिती या दोन गोष्टी माझ्या मागणीत आहेत आणि त्यांच्याही यादीत आहेत. इटलीतल्या कोलेक्यो गावाने तर २०१५ मध्ये कमी आवाजाची आतषबाजीच वापरायचा नियम केला. कारण बाळं नव्हती, पाळीव जनावरं होती. चालेल. कुत्र्यामांजरांच्या निमित्ताने का होईना, आमची सोय झाली तर आम्ही बोलणार नाही.

आवाज अडवायला कानावर लावायच्या त्या मोठ्या वाट्यांबद्दल तुम्ही विचाराल, म्हणून लिहिते. फेब्रुवारी २०१० मध्ये अमेरिकन फुटबॉलपटू ड्रू ब्रीझने अंतिम सामना जिंकल्यावर आपल्या वर्षाच्या मुलाला उचलून घेतलं, तेव्हा मुलाच्या कानांवर तशा वाट्या होत्या. तो फोटो जगभर गेला. आम्हीही घेतल्या, तान्ह्या बाळांच्या, डोक्याभोवती मऊ पट्टा असलेल्या. उपयोग आहे, नक्की आहे. पण त्या टोपीवरून लावल्या तर फटीतून आवाज आत येतो (आजीची टोपी काढावी लागली, त्यावरून घरी जे झालं ते इथे नको). छातीत धडधडणारा खर्जाचा आवाज त्या नीट अडवत नाहीत. लेक त्या दहा मिनिटांत ओढून काढते. कापसाचे बोळे फारसे कामाचे नाहीत, आणि कानात घालायचे छोटे बूच बाळाच्या हाती लागून तोंडात गेले तर गुदमरायची भीती. तेव्हा वाट्या वाटून मोकळं होऊ नका. अंतर आणि आगाऊ सूचना या दोन्ही गोष्टी तिला ओढून काढता येत नाहीत.

एक गोष्ट राहिली, ती स्वयंसेवकांसाठी. बाळ रडलं की सगळ्यांना कळतं. पण न रडणारं बाळही बघा. मान सारखी वळवतंय, नजर देत नाहीये, मुठी आवळल्यात किंवा बोटं ताठ फाकलीत, एकामागून एक जांभया, उचक्या, आणि मग अचानक त्या धबडग्यात झोप. असं बाळ दिसलं तर आईला "वा, शांत आहे हो तुमचं!" म्हणू नका. तिला हाताने वाट दाखवा. ती बहुतेक त्याचीच वाट बघत असते, पण सगळं घर सोबत असताना 'मी निघते' म्हणायचा धीर तिला होत नसतो. बिल्ला लावलेल्या माणसाने सांगितलं की घरचे ऐकतात. माझं नसतं ऐकलं.

पुढच्या सणाला लेक सव्वा वर्षाची असेल, बहुधा पळत असेल. आम्ही येणार आहोत. पुढे उभं राहायचा हट्ट सोडलाय, फोटो मागूनही येतो. तुमचा फलक लागेल तेव्हा त्यावर आतषबाजीची वेळ शोधेन. दिसली तर तीन मिनिटं आधी दोरीपाशी हजर असेन, तळवे तयार ठेवून.

आपली नम्र,
गर्दीतली एक आई